धावदूताच्या मोजणीत न मावलेली शाल्मली

“अकरा टक्के,” धावदूत म्हणाला. “म्हणजे तुझ्यासारख्या शंभर मुलांपैकी अकराच जण दहा किलोमीटर वेळेत पुरे करतील. नाव नोंदवता येणार नाही.”

धावदूत हा मिरजेतल्या कृष्णाकाठ धावकगटाचा प्रशिक्षक यंत्रमानव. साल होतं २०५८. शहराच्या मॅरेथॉनमध्ये मुलांसाठी दहा किलोमीटरची शर्यत असायची आणि ती नव्वद मिनिटांत संपवावी लागायची. कुणी धावायचं हे धावदूत ठरवायचा.

तेरा वर्षांची शाल्मली कोळेकर त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. मांडीचं हाड मोडल्यामुळे ती पाच महिने अंथरुणात होती. आता डॉक्टरांनी पळायची मोकळीक दिली होती, पण या पत्र्याच्या मास्तराने नाही!

“मी पळणारच,” ती म्हणाली. “फेरचाचणी मागायचा हक्क आहे ना मला? मग दहा आठवड्यांनी घे.”

“नोंद केली,” धावदूत म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून शाल्मली कृष्णेच्या घाटावर जीव तोडून पळू लागली. एकही दिवस सुट्टी नाही. पहिल्या दिवशी दोन किलोमीटरना सतरा मिनिटं लागली होती. दहाव्या दिवशी लागली एकोणीस! तिने घड्याळ झटकून पाहिलं. जास्त पळून माणूस हळू कसा होतो?

ती पायरीवर बसून रडकुंडीला आली, तेव्हा डॉ. नसीम मुलाणी शेजारी येऊन टेकल्या. वय बहात्तर, शरीरशास्त्राच्या निवृत्त संशोधक, आणि गटातल्या सगळ्यांच्या मुलाणी आजी.

“हरलीस?” त्यांनी विचारलं.

“अजिबात नाही!”

“मग एक सांग. पळताना पाय मजबूत होतात की कमजोर?”

“मजबूत.”

“चूक. पळताना ते थकतात. स्नायूंचे धागे बारीक बारीक उसवतात, साठवलेली साखर संपत जाते. मजबूत होतात ते नंतर, तू जेवतेस, झोपतेस तेव्हा. शरीर म्हणतं, उद्या ही पोरगी पुन्हा त्रास देणार, तेव्हा आधीपेक्षा पक्कं शिवून ठेवू. याला अनुकूलन (ताण पेलण्यासाठी शरीराने स्वतःत केलेला बदल) म्हणतात. तू मात्र शिवण पुरी व्हायच्या आधीच रोज ओढून काढतेस.”

शाल्मली म्हणाली, “म्हणजे बसून राहू?”

“छे! आठवड्यातून चार दिवस पळ. पण गप्पा मारता येतील इतकं हळू. तुझ्या स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका (प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारे सूक्ष्म भाग) आहेत. हळू आणि लांब पळालीस की त्या वाढतात. त्यांना प्राणवायू पोचवणाऱ्या केशवाहिन्या (केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या) वाढतात. पण त्याला आठवडे लागतात. घाई केली तर काही उगवत नाही.”

हळू पळणं शाल्मलीला फार जड गेलं. गटातले काका-काकू तिला मागे टाकून जायचे. एक मुलगा तर “कासव, कासव!” असं ओरडला. “कासवच आहे. तुझं काय जातं?” असं म्हणून ती तशीच पळत राहिली. तिसऱ्या आठवड्यात ती न थांबता चार किलोमीटर पळाली. सहाव्यात सात. मुलाणी आजींबरोबर अख्खा रस्ता बडबडत.

चाचणीच्या दिवशी अर्धा गट घाटावर जमला होता. शाल्मली निघाली. आठव्या किलोमीटरला तिच्या पोटऱ्या दगड झाल्या आणि श्वास घशात अडकू लागला. थांबावंसं फार वाटलं. “तुझा वेग कमी होत आहे,” शेजारून धावणारा धावदूत म्हणाला.

“माहितेय मला!” ती ओरडली, आणि पळत राहिली.

शहाऐंशी मिनिटं. ती रेघ ओलांडून मातीतच बसली.

धावदूताच्या छातीवरच्या पडद्यावर आकडे सरकत गेले. “माझं गणित तपासलं,” तो म्हणाला. “गणितात चूक नाही. तरी तुझं नाव नोंदवलं आहे.”

“गणित बरोबरच होतं,” शाल्मली धापा टाकत म्हणाली. “पण ते अंथरुणातून उठलेल्या मुलीचं होतं. ती मुलगी तिथे थांबली नाही. माणूस बदलतो, धावदूत. बदलायला दहा आठवडे लागतात, तेवढे तू मोजलेच नाहीस.”

मुलाणी आजींनी तिला पाण्याची बाटली दिली. ती अर्धी संपवून शाल्मलीने विचारलं, “माझ्यासारखं अजून कितीजणांना नाही म्हणालास?”

“सव्वीस.”

“नावं दे.”

“का? या शर्यतीची नोंदणी आज संपते.”

“पुढच्या वर्षीची संपलेली नाही ना?”

पडद्यावर नावं उमटली. दम्याचा त्रास असलेला एक मुलगा, जाड म्हणून हसं झालेल्या दोन बहिणी, आणि असे कितीतरी. शाल्मली मातीतून उठली आणि पहिल्याच नावाला फोन लावला.

“हॅलो, मी शाल्मली कोळेकर. सोमवारी सकाळी सहाला घाटावर ये. तुझ्या डॉक्टरांना विचारून ये. आणि हो, हळू पळायचंय.”