मौनकाळ

डोहाळेजेवणाच्या सकाळी कासारीण पल्लवीच्या हातात बांगड्या भरत होती. डझनभर झाल्यावर ती थांबली.

“आणखी भरा,” पल्लवी म्हणाली. “पार कोपरापर्यंत.”

“अगं, पट्टी झाकली ना सगळी!” जाऊ हसत म्हणाली.

पल्लवीला तेच हवं होतं. मनगटाला चिकटवलेली ती ‘निर्मळ’ पट्टी आठ दिवसांपूर्वी हिरवीची पिवळी झाली होती; मेंदीच्या रंगामुळे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पट्टी बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती. शरीरसंबंधातून लागणाऱ्या सात रोगांची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढायला शरीर जी द्रव्यं बनवतं ती, पट्टीला घामातून ओळखता येत. हिरवी म्हणजे निर्धोक. सावरखेड्यात आता पत्रिकेआधी मनगट बघत. मेडिकलवाल्यांनी निरोध ठेवणं सोडलं होतं. आणि पिवळी पट्टी म्हणजे बदफैली, हे कुणी न शिकवताच सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

पल्लवीचं नवऱ्याशिवाय कुणाशीच काही नव्हतं. पण हे सासूला पटवणार कोण? नवरा गजेंद्र दूर पवनचक्क्यांच्या कामावर. फोनवर विचारायचं तिने चारदा ठरवलं, चारदा जेवणाचं विचारून फोन ठेवला.

पाच आठवड्यांनी पोटातली हालचाल थांबली.

तालुक्याच्या रुग्णालयात बाळ मृतच जन्मलं. समुपदेशक हेमलता डोईफोडे रक्ताचा अहवाल घेऊन खाटेपाशी आल्या. गरमी, म्हणजे सिफिलिस. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होणारा जुनाच रोग.

“पट्टी कधी पिवळी झाली, पल्लवी?”

“सातव्यात.”

“तेव्हाच आली असतीस तर...”

“तर बाळ वाचलं असतं का?”

“बहुतेक वाचलं असतं.”

पल्लवीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी गजेंद्र पोहोचला. हेमलताबाईंनी त्याला वेगळ्या खोलीत बसवलं.

“एकदाच झालं, मॅडम. तिकडे कामावरच्या एका बाईशी. तिची पट्टी हिरवी होती. मी बघून घेतली होती. पुढे पंधरा दिवसांनी घरी आलो, तेव्हा माझीही हिरवीच होती. कामावर परतल्यावर पिवळी झाली, पण सांगायचं धाडस झालं नाही.”

“रोग आत शिरला तरी प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस पट्टी गप्प असते. त्याला मौनकाळ म्हणतात. त्या काळातही रोग दुसऱ्याला लागतो. निरोध वापरला असता तर धोका पुष्कळ कमी झाला असता.”

“हिरवी असताना निरोध कोण वापरतं?” तो एकदम चिडून म्हणाला. “आणि हे आम्हाला कुणी सांगितलं?”

पट्टीच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण पट्ट्या लावायच्या शिबिरात ते वाचून दाखवायचं हेमलताबाईंनीच दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. लोक कंटाळत, आणि पट्ट्या भराभर लावून संपवायच्या असत.

“मी सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

दोघांना इंजेक्शनं दिली गेली. त्या दुसऱ्या बाईला निरोप धाडला, म्हणजे तिलाही उपचार मिळतील. पल्लवी माहेरी गेली. गजेंद्र तिला सोडायला एसटी स्टँडपर्यंत आला, पण ती त्याच्या हातातली पिशवी घेऊन मागे न बघता गाडीत चढली.

पुढच्या सोमवारी शिबिर होतं. समोर चाळीस नवी जोडपी. हेमलताबाईंनी आधी मौनकाळ समजावला. मग टेबलावर निरोधची पाकिटं ठेवली, लाकडी नमुन्यावर वापरून दाखवलं. मागचे पुरुष खिदळले. त्या थांबल्या नाहीत. “पट्टी हिरवी असली तरी हे वापरा. आजपासून तीन महिन्यांनी दोघांनी रक्त तपासून घ्या. गरोदर बाईचं रक्त तर पट्टी असो-नसो, तपासायचंच. आणि पिवळी झाली तर त्याच दिवशी इथे या. औषध आहे.”

पुढच्या ओळीतली एक मुलगी उठली. नवरा शेजारीच होता. तिने पदराखाली हात घेतला.

“बाई, औषध तुम्ही द्याल हो,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण पिवळी पट्टी घेऊन इथवर यायचं, तर घरातून बाहेर पडताना काय सांगायचं?”

हेमलताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे. तो खाली बघत होता. याचं उत्तर आता नेमकं कुणी द्यायचं होतं?