सांजपंख्या वर का गेल्या?

दरीत पाणी होतं, ओली वाळू होती, सकाळचं कोवळं ऊनही होतं. सांजपंखी फुलपाखरू मात्र एकही नव्हतं.

शाल्मलीने चकोर पुन्हा उडवला. चकोर म्हणजे मुठीएवढं उडतं यंत्र. दिसेल ते फुलपाखरू ओळखायचं आणि त्याचं नाव सांगायचं. कातळाच्या दोन उंच भिंतींमधून तो पार टोकापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "सांजपंखी आढळली नाही."

"बाबा, तू मला थाप मारलीस," शाल्मली म्हणाली.

बाबाचा चेहरा पडला. दिवाळीच्या सुट्टीत हे चाकांवरचं घर भाड्याने घ्यायचं आणि डोंगर हिंडायचे, हा हट्ट त्याचाच. "अगं, खरंच होत्या! मी तुझ्याएवढा असताना या वाळूवर नुसता जांभळा थर असायचा. अण्णा, तुम्ही तरी सांगा हिला."

अण्णा म्हणजे शाल्मलीचे आजोबा. त्यांचं सगळं आयुष्य कीटकांचा अभ्यास करण्यात गेलं होतं.

"होत्या," ते एवढंच म्हणाले. "चला, घाट चढू. शाल्मली, तू पुढे बस आणि तापमापकाकडे बघत राहा."

गाडी आपली आपणच वळणं घेऊ लागली. दरीत पारा छत्तीसवर होता. निम्म्या घाटात तेहतीस झाला. खिडकीतून येणारा वारा आता अंगाला बरा वाटत होता.

"आजोबा, उन्हं तर चढतायत. मग गार कसं होतंय?"

"उंचावर हवेचा दाब कमी असतो. दाब कमी झाला की हवा पसरते, आणि पसरताना गार होते. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा बोटाला गार लागते ना, तसंच. किलोमीटरभर चढलं की साधारण सहा-साडेसहा अंशांचा फरक पडतो."

शाल्मली विचारात पडली. "म्हणजे दरीत उकडायला लागलं म्हणून सांजपंख्या वर राहायला गेल्या?"

"बोजाबिस्तरा बांधून नाही गेल्या," अण्णा कोरडं हसले. "फुलपाखरू शीतरक्ती (ज्याच्या शरीराचं तापमान भोवतालच्या हवेवर ठरतं असं) असतं. दरी तापत गेली, तशी तिथली अंडी सुकली, सुरवंट मेले. थोड्या वरच्या अंगाला घातलेली अंडी वाचली. त्यांतून निघालेल्यांनी आणखी वर अंडी घातली. वर्षानुवर्षं हेच. खालच्या मेल्या, वरच्या उरल्या. आपल्याला लांबून वाटतं, चढल्या."

शाल्मलीला हे ऐकायचं नव्हतं. "वर तरी भेटतील ना?"

"पोचलो की बघू," अण्णा म्हणाले.

माथ्यावरच्या पठारावर गाडी पोचली आणि बाबाने कपाळाला हात लावला. सगळं पठार चाकांवरच्या घरांनी भरलेलं. मैदान सपाट करून त्यावर खडी पसरलेली. गाड्यांच्या टपांवर एसी घरघरत होते. कोपऱ्यातली एक जागा रिकामी होती. बाबाने घाईने गाडी तिथे घुसवली.

"नशीब तुमचं!" शेजारच्या गाडीतल्या काकू म्हणाल्या. "खाली शहरात श्वास घेववत नाही हो. आम्ही आता दर सुट्टीला वरच येतो."

तेवढ्यात चकोर बोलला, "सांजपंखी. मादी."

ती खरोखरच होती! पंखांना जांभळी झाक, एका पंखाची कड फाटलेली. खडीतून उगवलेल्या एका रोपट्यावर ती बसली, पायांनी पान थोपटलं आणि उडाली. दुसऱ्यावर बसली. पुन्हा थोपटलं, पुन्हा उडाली.

"काय करतेय ती?"

"चव बघतेय. फुलपाखराला पायांनी चव कळते. सांजपंखीचे सुरवंट फक्त खडकवेल खातात. ती त्यांची खाद्यवनस्पती (सुरवंट ज्या झाडाची पानं खाऊन वाढतो ते झाड). वेल सापडल्याशिवाय ती अंडी घालणार नाही."

"मग वेल कुठाय?"

"फुलपाखरांची एक पिढी काही आठवड्यांत होते. वेलाला मोठं व्हायला वर्षं लागतात, आणि त्याचं बी गडगडतं खालीच. एखादा पक्षी ते वर आणून टाकेल, तेव्हाच इथे रुजणार." अण्णांचा आवाज कडवट झाला. "एक वेल आला होता इथवर. गेल्या हिवाळ्यात मी पाहिला होता. इथेच, या कोपऱ्यात."

शाल्मली गाडीखाली वाकली. मागच्या चाकाखाली एक दांडा चेचला होता. त्याला दोन-चार पानं होती.

"बाबा, गाडी काढ!"

"आणि जाऊ कुठे? दुसरी जागा दिसतेय का तुला? खाली त्या भट्टीत अण्णांना घेऊन जाऊ?"

"मग तिने कुठे जायचं? अजून वर?"

"वर काही नाही," अण्णा म्हणाले. "डोंगर इथे संपतो."

बाबाने गाडी कोपऱ्यातून मागे घेतली. शाल्मलीने पानांवरची खडी हातांनी बाजूला केली आणि वाट पाहिली. पण सांजपंखी गाड्यांमधून भरकटत कड्याकडे गेली होती. चकोरलाही ती पुन्हा सापडली नाही.

"हा वेल जगेल?"

"पाऊस झाला की फुटेल कदाचित."

"आणि ती?"

"तिचे दिवस संपत आलेत. एखादी दुसरी मागे उरली असेल, तर तिला तरी मिळेल."

इतक्यात एक पांढरी गाडी भोंगा वाजवत रिकाम्या कोपऱ्याकडे वळली. शाल्मली दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. गाडी थांबली. आतल्या माणसाने डोकं बाहेर काढलं. "कुणाची पोर आहे ही? ए, बाजूला हो! जागा काय विकत घेतलीय?"

शाल्मली हलली नाही.

बाबा गाडीतून उतरला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "माझी आहे," तो म्हणाला. "इथे वेल आहे. गाडी लावता येणार नाही."

"वेल?" तो माणूस हसला, काहीतरी पुटपुटला आणि गाडी वळवून निघून गेला.

शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "कुठला गं वेल? दाखव बरं मला."

शाल्मली गुडघ्यांवर बसली आणि चेचलेला दांडा अलगद उचलून दाखवत, थोडं रडत, पहिल्यापासून सांगू लागली.