इस्कोच्या बेडक्याची डबी

मानांग साबेल, म्हणजे सगळ्यांची थोरली ताई, दर सोमवारी सकाळी सातला दवाखान्याच्या खिडकीशी यायची आणि नवऱ्याच्या बेडक्याची डबी पुढे सरकवायची. इस्कोला चार वर्षांपूर्वी क्षय झाला होता, पुरती औषधं घेऊन तो बराही झाला होता. आता परत खोकत होता म्हणे. त्याला चालवत नाही म्हणून डबी बायको आणते, यात तपासनीस रोविलिनला काही वावगं वाटलं नाही.

मशीनने जंतू दाखवले. दुर्बिणीखाली शोधून शोधून जंतूंच्या चार लाल काड्या सापडल्या.

"मग औषध दे ना, अडिंग, धाकटी बहीण ना तू माझी! खोकून खोकून जीव जाईल त्याचा!"

"थांबा हो, मानांग. जुन्या आजाराचे मेलेले जंतू छातीत उरतात. मशीनला मेलेला-जिवंत कळत नाही. नळीत पेरून बघू. वाढले तर जिवंत, मग डॉक्टर औषध लिहितील."

आठ आठवडे नळी कोरी राहिली. रोविलिनला इतका आनंद झाला, की दुपारी ती स्वतःच सायकलने साबेलच्या घरी सांगायला गेली.

घरात इस्कोचा फोटो होता. समोर मेणबत्ती, मृतासाठी वाढलेली भाताची ताटली. साबेलच्या छातीवर सुतकाची काळी पिन. ती पिन रोविलिन खिडकीतून दर सोमवारी बघायची. भावाबहिणीचं कुणाचं सुतक असेल म्हणून विचारलंच नव्हतं.

"मानांग... कधी गेले?"

"फेब्रुवारीत." पहिली डबी तर जूनमध्ये आली होती. साबेलने ताटलीवरच्या माशा हाकलल्या. "गेला ते कळतंय गं मला. पण खोकला थांबला नाही त्याचा..."

पडद्यामागे कुणीतरी खोकलं.

रोविलिन सायकल तिथेच टाकून पळाली. सोमवारी डबी आलीच. बिचारी स्वतःचाच बेडका आणत असेल, अशी मनाची समजूत घालून तिने तोही पेरला. तिसऱ्या आठवड्यात नळीत पिवळट दाणे उगवले.

"हा तुमचाच बेडका ना, मानांग? खरं सांगा. औषध तुम्हाला देते, नाहीतर मराल हो!"

"छे गं, मला कुठे खोकला! वाढले ना जंतू? मग दे त्याला औषध."

औषध वजनावर ठरतं. कागदावरच्या त्या रकान्यावर रोविलिनचं पेन थांबलं.

"वजन... करावं लागेल माणसाचं."

"म्हणून तर आणलाय. बाहेर बाकावर बसवलाय."

साबेल हसत होती. तिच्या छातीवर पिन नव्हती.