काशीला सोडलेलं नाव

'सातवं दार' या चित्रपटाला त्या वर्षी तीस वर्षं झाली, आणि तो पहिल्यांदाच पाहायला मिळावा म्हणून मिरजेच्या कोरी नजर केंद्रात चार महिन्यांची यादी लागली. यादीतल्या बहुतेकांनी तो वीस-वीस वेळा पाहिलेला होता.

कोरी नजर म्हणजे एकच चित्रपट माणसाच्या आठवणीतून अलगद काढून घेणं. बाकी सगळं जागच्या जागी. तासाभराचं काम, सुई नाही, भूल नाही. मग शेजारच्या दालनात बसायचं आणि तोच चित्रपट आयुष्यात पहिल्यांदा पाहायचा. एरवीचे नवे चित्रपट आता पाहणाऱ्याची नाडी ओळखून त्याला हवे तसे वळत. दोघांनी एकच गोष्ट पाहिली असं होतच नसे. 'सातवं दार' मात्र होता तसाच राहिला होता. गुरूच्या चंद्रावर बर्फाखालचं शहर बुडतंय, सहा दारं फुटलीत, गोळ्या सुटतायत, आणि एक पहारेकरी सातवं दार पाठीने रेटून उभा आहे. "जा. मी दार धरलंय," एवढंच तो म्हणतो. लोक सुटतात. तो राहतो.

मिहीर तो दरवर्षी एकदा पाही. एकटाच जाई आणि येऊन मुकाट्याने जेवायला बसे. भूमापन खात्यातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस.

"पाठ झालाय गं आता," तो बायकोला, ऋजुताला, म्हणाला. "पुढचा शब्द आधीच ओठावर येतो. आत काही हलत नाही. एकदा त्या दिवसासारखा बघायचाय."

कोणत्या दिवसासारखा, ते त्याने सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

केंद्रातली डॉ. आभा कुलथे तरुण होती, दोघांना काका-काकू म्हणत होती.

"काकू, आठवण एका खुंटीवर टांगलेली नसते. तुमच्या घरचा देव्हारा घ्या. तो उदबत्तीच्या वासाने आठवतो, सासूबाईंमुळे आठवतो, रोजच्या पूजेने आठवतो. एक खुंटी निघाली तरी बाकीच्या धरून ठेवतात. आम्ही चित्रपटाची खुंटी काढतो, पण तिच्यावर आणखी काय लटकलंय ते यंत्राला कळत नाही. म्हणून दोघांनी यादी द्यायची. यादीत आहे त्याला आम्ही आधी दुसरी खुंटी देतो."

"आणि काही राहून गेलं तर?"

"मोठ्या गोष्टी नाही हो जात. त्यांना शंभर खुंट्या असतात. फार तर मध्यंतरातला समोसा विसरतील."

"समोसा आधी लिही गं," मिहीर म्हणाला, आणि तिघंही हसली.

अर्जात एक प्रश्न होता : पहिल्यांदा कोणाबरोबर पाहिला? मिहीरने तिथे पट्टीने मारावी तशी सरळ रेघ ओढली होती. ऋजुताने ती पाहिली, आणि तिची लेखणी थांबली.

त्यांना एक मुलगी होती. बारशाला आत्याने दुसरंच नाव आणलं होतं. मिहीरने ऐनवेळी पाळण्यात वाकून स्वतःच्या पसंतीचं नाव मुलीच्या कानात सांगितलं. शरयू. नवव्या वर्षी बापाबरोबर 'सातवं दार' पाहून आली आणि पुढे कितीतरी दिवस स्वयंपाकघराच्या दारात हात पसरून उभी राहायची. "जा, मी दार धरलंय!" तिच्या काखेखालून वाकून ताटं न्यावी लागत. बाराव्या वर्षी ती तापाने गेली.

अस्थी घेऊन दोघं काशीला गेली. तिथे आवडती वस्तू सोडायची रीत. शरयूचा पेरूवर जीव, म्हणून ऋजुताने पेरू सोडला. "आपण काय सोडता?" गुरुजींनी मिहीरला विचारलं. "तिचं नाव," तो म्हणाला. "अहो, नाव नसतं सोडायचं," गुरुजी म्हणेपर्यंत त्याने ओंजळीतलं पाणी सोडलंही होतं.

त्यानंतर सत्तावीस वर्षं त्याच्या तोंडून ते नाव आलं नाही. फोटो ट्रंकेत गेले. ऋजुताने त्याचा नेम आपला मानला. सकाळी निरांजन लावताना ती ते नाव मनातच घेई.

आता ती रेघ पाहून तिला वाटलं, त्याने देवापुढे सोडलेलं मी कागदावर कसं लिहू? आणि पोटची लेक काय समोसा आहे विसरायला? तिला शंभर खुंट्या असणार. तिने समोसा लिहिला, त्या दिवशी तुटलेली चप्पल लिहिली, आणि सही केली.

चित्रपट संपला तेव्हा मिहीरचे डोळे भरून वाहत होते. त्याने तिचा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या. "काय पिक्चर आहे गं! इतकी वर्षं आपण पाहिला कसा नाही?" ती सुखावली. दालनाच्या दारात कुणाची तरी चिमुरडी हात पसरून उभी होती. "जा, मी दार धरलंय!"

मिहीर खळखळून हसला. "बघ कशी करतेय. आपल्याला एखादं मूल असतं, तर तेही असंच दारात उभं राहिलं असतं. नाही?"

दुसऱ्या दिवशी ऋजुता एकटीच केंद्रात गेली. ऐकता ऐकता आभाचा चेहरा उतरला.

"रेघ म्हणजे एकटेच गेले होते, असं मी धरलं. मी विचारायला हवं होतं, काकू. माझी चूक आहे."

"पण लेक आहे ती! शंभर खुंट्या म्हणाला होतात ना तुम्ही?"

"खुंट्या रोजच्या वापराने राहतात. नाव घेतलं, फोटो काढून बघितला, वाढदिवसाला काही गोड केलं. काकांनी त्या सगळ्या एकेक करून मोडल्या. एकच उरली होती. दरवर्षी ते तिथे जात होते."

तो सिनेमाला जातो, असंच ऋजुता सत्तावीस वर्षं समजत होती.

"सांगू त्याला?"

"सांगू शकता. पण ती आठवण नसेल, बातमी असेल. मुलगी झाली होती हे आणि ती गेली हे, दोन्ही त्यांना एकाच दिवशी कळेल."

आठ दिवसांनी मिहीर बाजारातून पेरू घेऊन आला. हल्ली तो गुणगुणायचा. फोडी करून, तिखटमीठ लावून त्याने बशी तिच्यापुढे सरकवली.

"घे की. आवडत नाही तुला?"

"सोडलाय मी. काशीला."

"काशीला सोडायचं असतं ते कुणाच्या तरी नावाने ना? तू कुणासाठी सोडलास?"

तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. "एका मुलीसाठी. 'सातवं दार' तिला फार आवडायचा."

"मग पुढच्या खेपेला तिलाही घेऊन जाऊ. नाव काय तिचं?"

निरांजनाची वात सरळ जळत होती.

"शरयू," ती म्हणाली.

"शरयू," तो म्हणाला. मग जिभेवर घोळवावं तसं पुन्हा एकदा, "शरयू."

इतकी वर्षं प्रत्येक उपासाला तिने देवाकडे एवढंच मागितलं होतं, की त्याने एकदा ते नाव घ्यावं.

"छान आहे गं," फोड तोंडात टाकत तो म्हणाला. "कुणी ठेवलं?"