दाराबाहेरच्या चपला

बसा पोरांनो, दार लोटून घ्या. माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात त्या दोघा भावांची ही गोष्ट. धाकट्याने स्वतः सांगितलेली. थोरला बस चालवतो, धाकटा शिंपी. वडील लकवा मारून अंथरुणाला खिळलेले, वाचाही गेलेली. त्यांचं सगळं आई करायची. करता करता तीच दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. मग "तू झिजवलंस आईला", "तू काय मोठे दिवे लावलेस?" असं होत होत भावांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं. जावा बोलायच्या, म्हणून निदान वेळेवर जेवायला तरी मिळायचं.

वडिलांची रात्रीतून दोन-तीनदा कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. भाऊ आळीपाळीने बसायचे. पण न बोलता कळणार कसं, आत कोण आहे ते? तर जो आत, त्याच्या चपला खोलीच्या दाराबाहेर. त्या दिसल्या की दुसऱ्याने डोकवायचंसुद्धा नाही.

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. पाळी थोरल्याची. पाठीचं मलम संपलं होतं, म्हणून शिंपी औषधाच्या दुकानात गेला, तिथे चार गप्पा हाणून साडेअकराला परतला. झिरोच्या दिव्यात दाराबाहेर चपला दिसल्या. त्याने मलमाची पिशवी कडीला अडकवली आणि बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनशेजारी अंग टाकलं.

दोनच्या सुमारास जाग आली. आत खाट कुरकुरली. कुणीतरी हलकेच म्हणालं, "हं... वळा आता."

दादा जागा आहे तर. बापाशी किती मायेने बोलतो लेकाचा, आणि माझ्याशी...

तेवढ्यात फाटक वाजलं.

दारात दादा. अंगावर खाकी, हातात डबा.

शिंपी ताडकन उठून बसला.

"दादा... तू बाहेर?"

"डेपोतून फोन आला. तुझ्या बायकोकरवी निरोप द्यावा म्हणून माडीवरच्या माझ्या खोलीतून खाली उतरलो, तर बाबांच्या दाराशी चपला. म्हटलं, बसलाय हा आधीच."

"मी नव्हतो."

"अरे, चपला होत्या!"

"मीही चपलाच बघितल्या."



खाट पुन्हा कुरकुरली.

"मग आत..."

कुणी पुढे होईना. शेवटी दादाने धाकट्याचा हात धरला. दार ढकललं.

वडील एकटे. डाव्या कुशीवर. गुडघ्यांमध्ये उशी, आई ठेवायची तशी. पाठीला मलम. ओलं. डोळे उघडे... पोरांकडे नाही. त्यांच्या मागे, दाराकडे.

शिंप्याने मोबाईलचा उजेड खाली धरला. बायकी चपला. टोकं खोलीकडे. डाव्या पायाचा पट्टा हिरव्या दोऱ्याने शिवलेला. टाका त्याचाच. आई दवाखान्यात जाताना याच घालून गेली होती. घरी आल्याच नव्हत्या त्या.

"दादा..."

"बोलू नकोस. बस बाबांजवळ."

दोघे बसले, खाटेच्या दोन अंगांना. पहाटे दोघांनी मिळून कूस बदलली.

"सावकाश रे, ओढू नकोस!"

"तू आधी उशी धर नीट!"

भिंतीपलीकडे मला ऐकू आलं. कान लावावा लागला नाही, हसू नका.

उजाडल्यावर दोघे बाहेर आले. चपला तिथेच होत्या. फक्त टोकं... आता रस्त्याकडे होती.