दारापुढच्या तीन पायऱ्या

आमच्या ऑफिसात मला सगळे 'नकाशेवाला' म्हणतात. काम ऐकायला भारी आणि करायला कंटाळवाणं. नदीला पूर आला तर शहराचं किती नुकसान होईल, हे पूर यायच्या आधीच सांगायचं. संगणकावर शहराचा नकाशा असतो आणि त्यावर प्रत्येक घराचा एक ठिपका. ठिपक्यावर क्लिक केलं की घराची माहिती उघडते. भिंती कशाच्या, दारापुढे पायऱ्या किती, आत माणसं किती. पायऱ्या महत्त्वाच्या, कारण घर रस्त्यापासून किती उंच आहे ते त्यांवरूनच कळतं. मग नदीचं पाणी हवं तेवढं चढवायचं, बटण दाबायचं, की प्रोग्राम सांगतो : इतकी घरं पाण्यात, इतक्यांना हलवावं लागेल, इतकी माणसं दगावतील. बोटी कुठे आणि किती ठेवायच्या, ते या आकड्यांवरून ठरतं.

ही माहिती घरोघर फिरून आणायची असते. मी आणलीही, एक गल्ली सोडून. नदीकाठची ती बेचाळीस घरांची गल्ली शेवटी राहिली होती, अहवाल शुक्रवारी द्यायचा होता आणि माझे पाय दुखत होते. खोटं कशाला बोलू, पाय दुखत नव्हते, कंटाळा आला होता. खुर्चीत बसूनच मी बेचाळीस घरांना एकच माहिती चिकटवली. पायऱ्या तीन, माणसं दोन. सरासरीत सगळं खपून जातं, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे.

त्या गल्लीतलं सतरा नंबरचं घर माझ्या सख्ख्या ताईचं. तिच्या दारापुढे पायऱ्या पाच आणि घरात माणसं तीन, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण एकट्या सतरा नंबरची माहिती खरी भरली असती तर बाकीची खोटी उठून दिसली असती. म्हणून तिथंही तीन आणि दोन. शुक्रवारी साहेबांनी अहवालावर सही केली, 'अंतिम' असा शिक्का मारला आणि मी घरी जाऊन गाढ झोपलो.

रविवारी दुपारी ताईकडे जेवायला गेलो. माझी भाची सहा वर्षांची आहे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मी तिला खारूताई म्हणतो. मी आलो की ती दारातून मोठमोठ्यानं पायऱ्या मोजत उड्या मारत खाली येते आणि पाचव्या उडीला माझ्या पोटावर आदळते. त्या दिवशीही ती आली. "एक, दोन, तीन," म्हणाली आणि थेट रस्त्यावर उभी राहिली. मग खाली वाकून बघायला लागली.

"मामा, दोन कुठे गेल्या?"

मी मोजल्या. तीनच होत्या. सगळ्यात खालच्या पायरीचा दगड मधोमध झिजलेला होता आणि त्याच्या कडेला जुनं शेवाळ होतं. कुठे खोदल्याची खूण नाही, ताजं सिमेंट नाही. बाहेरच्या खोलीची खिडकी रस्त्यावरून बघितलं तर माझ्या डोक्याच्याही वर असायची. आता तिची चौकट माझ्या हनुवटीशी आली होती.

"ताई, पायऱ्या तोडल्यास का गं?"

"तोडू कशाला? पहिल्यापासून तीनच तर आहेत."

"पाच होत्या."

दाजी हसले. "मेहुणे, भर दुपारी घेऊन आलात की काय?"

मीही हसलो. पण खारू हसली नाही. माझं बोट तिनं घट्ट धरून ठेवलं होतं.

ताईनं पानं वाढली. दाजींचं, तिचं आणि माझं. खारू टेबलाशी तशीच उभी.

"अगं, हिचं?" मी म्हणालो.

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग खारूकडे. अनोळखी पत्ता वाचावा तसं तिनं पोरीला निरखलं. "विसरलेच बघ," ती म्हणाली. "हल्ली डोकं ठिकाणावर नसतं." तिनं चौथं ताट आणलं. खारू खुर्चीवर चढली. तिचे पाय अजून जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे जेवताना ते सारखे हलतात आणि टाचा खुर्चीच्या दांडीवर आपटत राहतात, टक, टक, टक. एरवी ताई त्यावरून रागावते. त्या दिवशी तिला ते ऐकूच आलं नाही.

निघताना गल्लीतून मुद्दाम सावकाश चाललो. समोर सुतार राहतो. त्याच्या दाराला एकही पायरी नव्हती, लाकडं भरलेली हातगाडी तो सरळ आत ढकलायचा. आता तो आणि त्याची बायको दोन्ही टोकांना धरून एकेक फळी तीन पायऱ्यांवरून चढवत होती.

"तुमच्याकडे पायऱ्या कधी केल्या?" मी विचारलं.

"पायरीशिवाय घर असतं का कधी?" तो म्हणाला आणि फळीचा तोल सांभाळत आत गेला.

पुढच्या दाराला तीन. त्याच्या पुढच्या दाराला तीन. शेवटपर्यंत प्रत्येक दाराला तीन, आणि वरच्या पायरीवर चपलांचे दोन जोड. चपला मला दिसल्या, पण माझं डोकं पायऱ्यांतच अडकलं होतं. सुट्टीच्या दिवशी गल्लीत एकही मूल खेळत नव्हतं, हेसुद्धा मला घरी पोचल्यावर आठवलं.

सोमवारी ऑफिसात जाऊन पहिल्यांदा सतरा नंबरचा ठिपका उघडला. पायऱ्या : ३. तो आकडा बघत असतानाच नजर शेजारच्या चौकटीवर गेली.

माणसं : २.

चपला आठवल्या. चौथं ताट आठवलं. मी ताईला फोन लावला.

"ताई, खारू कुठाय?"

"कोण?"

"खारू. तुझी मुलगी."

ती हळू म्हणाली, "असली चेष्टा करू नये रे. आम्हाला मूल नाही हे तुला माहीत आहे ना?"

तिचा आवाज दुखावलेला होता. ती खोटं बोलत नव्हती.

मी साहेबांच्या खोलीत धावलो आणि सतरा नंबरचा आकडा चुकलाय म्हणून सांगितलं. अंतिम झालेली फाईल फक्त त्यांच्या पासवर्डनं उघडते.

"एका घरानं काय आभाळ कोसळणार आहे?" ते म्हणाले.

"साहेब, मी त्या गल्लीत गेलोच नव्हतो. सगळं बसल्या जागी भरलंय."

त्यांनी चष्मा काढला. दार बंद आहे ना ते बघितलं. "हे मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "आणि पुन्हा कुणाला ऐकवू नकोस. एक घर, एक आकडा. तेवढंच बदल आणि जा."

त्यांनी पासवर्ड टाकून फाईल उघडून दिली. बेचाळीस घरं होती. सुताराला मुलं किती होती, ते मला आठवेना. मी सतरा नंबर उघडला, दोन खोडले आणि तीन लिहिले. घाईत आधी तेहतीस उमटले. तेही खोडलं. त्या चौकटीत नाव लिहायला जागा नसते. वय लिहायलाही नसते. प्रोग्रामला फक्त आकडा लागतो.

साठवलं. बंद केलं. पळत सुटलो.

गल्ली दुपारच्या उन्हात शांत होती. सतरा नंबरला पायऱ्या तीनच होत्या. असेनात का. वरच्या पायरीवर चपलांचे जोड मोजले.

तीन.

मला तिथेच रडू फुटलं. कुणाचे जोड आहेत ते बघायला मी थांबलो नाही. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि आत शिरलो.

"आलास?" ताई म्हणाली. "सकाळी फोनवर काय बडबडत होतास रे?"

ती खारूची वेणी घालत होती. खारू टेबलाशी खुर्चीवर पाठमोरी बसली होती. लाल रिबिनी, निळा फ्रॉक. दाजी पेपर वाचत होते. सगळं नेहमीसारखं होतं.

"बघ गं, मामा आलाय," ताई म्हणाली.

मान वळली नाही.

ताईनं रिबिनीची गाठ मारली. गाठीपर्यंत पोचायला तिला टाचा उंचवाव्या लागल्या.

मी टक टक ऐकू येईल म्हणून वाट बघत उभा राहिलो. मग खुर्चीखाली बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकलेले होते.