साखरबाईंची सीडी

दौंडच्या स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत भरदुपारी लाईट गेली आणि शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा चडफडला.

"एवढं मोठं उत्तर लिहिलं होतं, गेलं सगळं. कोण ही प्रगती कोळपे, देव जाणे... माझ्या प्रत्येक पानात खोट काढते."

"पानंच तशी असतील," प्रगती कोळपे म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. खिडकीच्या उजेडात त्याचे कान लालबुंद झाले, आणि खरं सांगायचं तर प्रगतीला ते कान फारच आवडले.

हा इनामगावचा सत्यजीत. कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं सुधारावं, असं दूध डेअरीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चार-पाच पोरं हौसेनं लिहीत होती, त्यातला एक. वजनकाट्याचा कोड नेटवरच्या एका रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, दुधाचं फॅट मोजायच्या मशीनचा दुसरीत, बिलाचा तिसरीत. वापरायची माहितीही तशीच तिन्हीकडे विखुरलेली. प्रगती ती माहिती तपासायची. वर्षभर दोघं नेटवर भांडत होती, तोंड मात्र आज पाहिलं.

"वडगाव रासाईची डेअरी आपलं सॉफ्टवेअर घेईल," तो म्हणाला. "पण चेअरमन म्हणतात, आधी वापरायचं पुस्तक दाखवा. न्हाईतर रविवारच्या मीटिंगमध्ये एका कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर पास करणार."

"आन् पुस्तक कुठं हाय?"

"नेटवर... तीन ठिकाणी."

"तिथं फोन लागत न्हाई धड, नेट कुठलं?" प्रगती हसली. "मी बांधून देते. तिन्हीकडची पानं ओढून एकच पुस्तक, सीडीवर. पानं बदलली की परत एक कमांड द्यायची, नवं पुस्तक तयार. पण तुमचं ते 'उपकरण पुनःप्रारंभित करावे' चालायचं न्हाई."

"मग काय लिहू?"

"मशीन बंद करून परत चालू करा."

"फार साधं वाटतं हो ते."

"वाटू द्या की."

मग काय, रोज कॅफे. पानांतल्या लिंक सारख्या नेटकडं धावायच्या, त्या तिनं सगळ्या सीडीतच वळवल्या. तो तिची वाक्यं खोडायचा, ती परत लिहायची... आणि भांडण मिटलं तरी एकमेकांवरची नजर काही हलायची नाही.

रविवारी डेअरीच्या मीटिंगमध्ये चेअरमन आनंदरावांनी सगळ्यांदेखत फॅट मशीनची वायर उपटली.

"साखरबाई, आता काय करणार?"

साखरबाई डेअरीत दूध मोजून घ्यायच्या. त्यांनी कॉम्प्युटरवर पुस्तक उघडलं, 'फॅट दिसत नाही' हे पान काढलं, बोट ठेवून वाचलं. वायर लावली, मशीन बंद करून चालू केलं. पडद्यावर आकडा आला.

"कुणाला फोन न्हाई, काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मला हेच पायजे."

"पास," आनंदराव म्हणाले. "कंपनीवाल्याला चहा पाजून वाटंला लावा."

प्रगतीला नाचावंसं वाटत होतं. बाहेर सत्यजीत मात्र गाडीची किल्ली फिरवत उभा.

"झालं काम... आता दौंडला यायला निमित्त उरलं न्हाई."

प्रगतीला खरोखरच राग आला. नेटवर एवढा वाघ, आणि इथं दातखीळ?

"निमित्त कशाला पायजे? मला तुम्ही आवडता. चहाला, भांडायला, जन्मभर पायजे. तुमचं काय ते बोला."

दूध घालायला रांगेत उभे असलेले किटलीवाले वळून बघायला लागले.

"मी... कवापासनं म्हणणारच होतो."

"मग म्हणा की."

"तू मला लय आवडतेस, प्रगती. लग्न करू आपण."

हे त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की आतली मीटिंग थांबली. प्रगतीनं अख्ख्या डेअरीसमोर त्याचा हात धरला, आणि आनंदराव दारात येऊन उभे राहिले तरी सोडला नाही.